प्रस्तावना : किती उजेड, कुठवर स्पष्ट

पुणे–बंगळूर महामार्गावर कोल्हापूर मागे टाकले की कागल लागते, आणि दूधगंगा ओलांडली की थोड्याच अंतरावर कर्नाटकाची हद्द सुरू होते. राजर्षी शाहू महाराज ज्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले, त्या घराण्याची ही जहागीर. आनंद यादव याच मातीतले. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘झोंबी’ने इथला मळा, इथले कष्ट आणि शिकण्यासाठी चाललेली एका पोराची धडपड मराठी वाचकांच्या घरोघर पोचवली. शब्दांनी या गावाकडे फार निगुतीने पाहिले आहे. छायाचित्रांनीही तसेच पाहावे, या इच्छेतून पुढील पाने लिहिली आहेत.

आज कागल परिसरात कॅमेरा नाही असे घर शोधावे लागेल. मोबाइल तर आहेतच. लेन्स बदलता येणारे कॅमेरेही कॉलेजातल्या मुलामुलींच्या हाती दिसू लागले आहेत. गैबीचा उरूस, बेंदूर, लग्नाची वरात, कुस्तीचे मैदान, उसाला फुटलेला तुरा, सगळ्यांचे फोटो निघतात आणि पुष्कळ निघतात. यांतल्या बहुतेक फोटोंत उजेड किती घ्यायचा आणि चित्रातला कोणता भाग स्पष्ट ठेवायचा, हे दोन्ही निर्णय यंत्राने घेतलेले असतात. यंत्र ते वाईट घेते असे म्हणता येणार नाही. ते सरासरीने घेते. समोर काय आहे, त्यातले आपल्याला काय प्रिय आहे, हे त्याला कळण्याचा काही मार्ग नाही. म्हणून हे दोन निर्णय आपण स्वतःकडे घ्यावेत, एवढेच या पुस्तकाचे मागणे आहे. पहिल्याला एक्स्पोजर म्हणतात, दुसऱ्याला डेप्थ ऑफ फील्ड. दोन्ही शब्द आता मराठीत रुळले आहेत आणि कोल्हापुरातल्या कुठल्याही स्टुडिओत ते असेच उच्चारले जातात. तेच इथे वापरले आहेत.

विषयात शिरण्यापूर्वी वाचकांनी एक गोष्ट मनात ठेवावी. उजेडाचा असा विचार करण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे आणि ती अगदी शेजारची आहे. शाहू महाराजांनी ज्यांना राजाश्रय दिला त्या आबालाल रहिमान यांनी रंकाळा आणि कोटितीर्थाच्या काठांवर बसून पाण्यावरचा, झाडांमधला, बदलत जाणारा उजेड रंगवला. त्यांच्यामागून आले बाबूराव पेंटर. १९१८ च्या सुमारास त्यांनी कोल्हापुरात, आपले शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साथीने, चलच्चित्राचा कॅमेरा स्वतःच्या हातांनी तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचे ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आणले. खरी कॉर्नरजवळचा कॅमेरा स्तंभ आजही त्या कर्तृत्वाची आठवण देतो. कागलहून कोल्हापूरला जाल तेव्हा वाट वाकडी करून तो अवश्य पाहा.

बाबूरावांच्या त्या काळाकडे तांत्रिक नजरेने पाहिले तर आपल्या विषयाची गाभ्याची गोष्ट ध्यानात येते. मूकपटाच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत आणि सेकंदाला साधारण सोळा चौकटी टिपल्या जात. त्यामुळे प्रत्येक चौकटीला उजेड किती वेळ मिळणार, हे जवळजवळ ठरूनच गेलेले असे. फिल्मची संवेदनशीलता कारखान्यात ठरलेली होती. छायालेखकाच्या हाती उरत असे ते लेन्सचे ॲपर्चर आणि खुद्द प्रकाश. म्हणून वर पांढरे कापड ताणून ऊन मऊ करायचे, परावर्तकांनी सावलीत उजेड फेकायचा, हे सारे कौशल्य त्या पिढीला कमवावे लागले. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये बाबूरावांनी कृत्रिम प्रकाश वापरला, आणि १९२५ च्या ‘सावकारी पाश’मधली अंधारी झोपडी पाहणाऱ्यांच्या कायम स्मरणात राहिली. अंधार हाही चित्राचा भाग असतो आणि तो मुद्दाम राखावा लागतो, हे आपल्या भागातल्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी करून दाखवले. आज आपल्या कॅमेऱ्यात ॲपर्चर, शटर आणि आयएसओ हे तिन्ही एका बोटाच्या अंतरावर आहेत. ही श्रीमंती वापरायला शिकणे एवढेच आपले काम.

आता या तिघांकडे वळू. उसाला पाणी देणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही: पाटाचे दार किती उघडले आणि किती वेळ उघडे ठेवले, यावर वाफ्यात किती पाणी पोचणार ते ठरते. ॲपर्चर म्हणजे दार किती उघडले ते. शटर म्हणजे किती वेळ. आयएसओ मात्र पाणी वाढवत नाही. सेन्सरवर जितका उजेड पडला, तेवढ्यालाच तो मोठे करून दाखवतो, आणि मोठे करताना त्यात मिसळलेला दाणेदारपणाही मोठा होतो. म्हणून आयएसओकडे अखेरीस जावे. पण जावेच लागले तर संकोच करू नये. थोडा दाणेदार आलेला फोटो पाहता येतो. हललेला फोटो पाहवत नाही.

या तिन्ही गोष्टी एकाच मापाने मोजतात आणि त्या मापाला स्टॉप म्हणतात. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. शटरचे आकडे सरळ आहेत: १/१२५ वरून १/२५० वर गेलात की उजेड निम्मा. आयएसओही सरळ: १०० वरून २०० म्हणजे दुप्पट. ॲपर्चरचे आकडे तेवढे नवख्याला बुचकळ्यात टाकतात. २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही ती ओळ. आकडा वाढतो तसे छिद्र लहान होते, कारण हा आकडा लेन्सच्या फोकल लेंग्थला छिद्राच्या व्यासाने भागून येतो. व्यास १.४ पटीने घटला की छिद्राचे क्षेत्रफळ निम्मे होते. म्हणून ओळीतला प्रत्येक आकडा मागच्याच्या सुमारे १.४ पट आहे आणि प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो. ही ओळ पाठच करा. शाळेतले पाढे जसे पुढे आयुष्यभर उपयोगी पडतात, तशीच हीही पडेल. एकदा ती ओळ जिभेवर बसली की पुढची सगळी प्रकरणे निम्मी सोपी होतात.

कागलच्या उन्हातच याची पहिली परीक्षा घेता येईल. जुन्या छायाचित्रकारांचा एक नियम आहे: लख्ख ऊन असेल तर ॲपर्चर १६ ठेवा आणि शटर आयएसओच्या आकड्याइतके. आयएसओ १०० असेल तर शटर १/१००. उन्हाळ्यातल्या दुपारी गैबी चौकात उभे राहून हे करून पाहा. मीटरकडे न बघताही चित्र ठीक येईल. पण त्याच उजेडात ॲपर्चर ८ आणि शटर १/४०० ठेवले तरी चित्र तितकेच उजळ येते, आणि ॲपर्चर ४ व शटर १/१६०० ठेवले तरी तितकेच. उजेडाचा हिशोब तिन्हीकडे एकच, चित्रे मात्र तीन. एकात मागची दुकाने वाचता येतील, दुसऱ्यात अंधूक होतील, तिसऱ्यात रंगांचे ठिपके होऊन राहतील. एक्स्पोजर आणि डेप्थ ऑफ फील्ड वेगवेगळे शिकवू नयेत, असे मला ठामपणे वाटते ते यामुळेच. ॲपर्चर नावाचे एकच दार दोन्ही खोल्यांत उघडते.

पावसाळ्यात सगळे बदलते. सह्याद्री फार दूर नाही. जून लागला की ढग खाली उतरतात आणि उन्हाच्या मानाने दोन-तीन स्टॉप उजेड कमी होतो. तो उजेड चेहऱ्यांसाठी मात्र फार दयाळू असतो. याउलट मे आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत मध्यान्हीचा सूर्य आपल्या अक्षांशावर जवळजवळ डोक्यावर येतो आणि फेट्याखाली किंवा टोपीखाली डोळ्यांच्या जागी काळ्या खाचा दिसू लागतात. अशा वेळी एक्स्पोजर बदलून फारसे साधत नाही. माणसाला चार पावले सावलीत बोलवावे.

कॅमेऱ्यातल्या मीटरबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण नवख्यांची सर्वांत मोठी निराशा तिथून येते. समोर जे काही आहे ते मध्यम करडे आहे, असे मीटर धरून चालतो. परंपरेने हा करडा म्हणजे पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के परत फेकणारा रंग. समोर धुतलेले धोतर आणि चुन्याची भिंत असेल तर मीटर त्यांनाही करडे करू पाहतो आणि फोटो काळवंडतो. समोर म्हैस असेल तर उलटे. आपल्या कोल्हापूर भागाचे दूध म्हणजे म्हशीचे दूध. तळ्यात बसलेली, पाण्याने चकाकणारी काळीभोर म्हैस इथल्या प्रत्येक फोटोवाल्याने टिपलेली असते, आणि जवळजवळ प्रत्येक पहिल्या फोटोत ती राखाडी आलेली असते. दोष ना म्हशीचा, ना कॅमेऱ्याचा. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन नावाचे जे बटण आहे ते अशा वेळेसाठीच. पांढऱ्यासाठी एक स्टॉप वर, काळ्यासाठी एक स्टॉप खाली, इथून सुरुवात करा. मग हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या उजेडाची वाटणी दाखवणारा आलेख, पाहा. त्याचा उजवा काठ भिंतीला चिकटून उभा असेल तर तिथला तपशील गेला, म्हणजे आपल्या बोलीत फोटो जळला. तो नंतर संगणकावर परत मिळत नाही. सावलीतला तपशील मात्र बऱ्याच अंशी वर आणता येतो, विशेषतः कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली रॉ फाइल ठेवली असेल तर.

या सगळ्याची खरी शाळा म्हणजे गुऱ्हाळघर. हंगामात कागल तालुक्यात फिरताना काहिलीत आटणाऱ्या रसाचा वास आधी येतो आणि गुऱ्हाळ नंतर दिसते. छपराखाली अंधार असतो. चुलवाणात चिपाडांचा जाळ. काहिलीतून पांढऱ्या वाफेचे लोट उठत असतात आणि त्यांत गुळव्या वाकून रसाची पारख करत असतो. छपराच्या उघड्या बाजूने बाहेरचे झगझगीत ऊन आत डोकावते. जाळ, वाफ, चेहरा, ऊन आणि कोपऱ्यातला काळोख, या पाचांत उजेडाचा फरक इतका असतो की एका चित्रात सगळे मावणे अवघड. चांगल्या डिजिटल कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमध्ये साधारण १२ ते १४ स्टॉप मावतात, जेपीईजीमध्ये त्याहून कमी.

इथे कॅमेऱ्यावर सोपवले तर तो बाहेरचे ऊन आणि आतला काळोख यांचा मध्य काढेल, आणि चित्र कशाचेच होणार नाही. तुम्हाला निवडावे लागेल. बाहेरच्या उन्हाला धरून एक्स्पोजर ठेवलेत तर वाफ उजळून निघेल आणि गुळव्या तिच्यापुढे काळी आकृती होऊन उभा राहील. त्याच्या हातातल्या अवजाराची रेषा स्पष्ट होईल, चेहरा हरवेल. चेहऱ्याला धरलेत तर त्यावरचा घाम, सुरकुत्या, डोळ्यांतले लक्ष मिळेल आणि बाहेरचे शेत पांढऱ्यात विरून जाईल. तिसरी वाट मला सर्वांत आवडते: संध्याकाळची वाट पाहायची, बाहेरचा उजेड मावळू द्यायचा आणि जाळाच्या उजेडात काम करायचे. आयएसओ १६००, ॲपर्चर २.८, शटर १/६० हा आरंभ धरा आणि जाळ वरखाली होईल तसे बदलत जा. मीटर इथे सतत जास्त उजेड मागेल. त्याला एक-दीड स्टॉप कमी द्या, म्हणजे कोपऱ्यातला काळोख काळोखच राहील. बाबूरावांच्या झोपडीची आठवण अशा वेळी सोबत असलेली बरी. आणि काहिलीभोवती तापलेला रस असतो. तिथल्या माणसांना विचारून, त्यांच्या कामाच्या वाटेत न येता उभे राहावे.

डेप्थ ऑफ फील्डकडे आता मोकळ्या मनाने येऊ. लेन्स काटेकोरपणे एकाच अंतरावर फोकस होते. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे स्पष्टता हळूहळू ढळत जाते; ती ढळलेली आहे हे डोळ्याला जाणवत नाही तेवढा पट्टा म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड. हा पट्टा ॲपर्चरने कमीजास्त होतो, माणूस किती जवळ आहे त्यानेही होतो, आणि फोकल लेंग्थ व सेन्सरचा आकार हेही त्यात हात घालतात. आकड्यांत पाहू. साधारण २४ बाय १६ मिलिमीटर सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स लावली, ॲपर्चर १.८ ठेवले आणि दोन मीटरवरच्या माणसावर फोकस केला, तर पट्टा जेमतेम ११ सेंटिमीटरचा. डोळे स्पष्ट, कानामागचे केस मऊ. त्याच माणसापासून एक मीटरवर आलात तर तोच पट्टा तीन सेंटिमीटरांहूनही कमी होतो. मान जराशी वळलेली असेल तर एक डोळा स्पष्ट येईल, दुसरा निसटेल. दोन मीटरवर राहून ॲपर्चर ८ केले की पट्टा अर्ध्या मीटरचा होतो आणि मागे उभा असलेला मुलगाही ओळखीचा दिसू लागतो.

नवी लेन्स हाती आली की प्रत्येकाला पार्श्वभूमी विरघळवण्याचा मोह होतो. त्यात आनंद आहे आणि तो घ्यावा. लग्नातल्या गर्दीत नवरीचा चेहरा वेगळा काढायचा तर दुसरा उपायही नसतो. पण मला वाटते, गावाचे चित्र काढणाऱ्याने हा मोह लवकर ओळखावा. ऊसतोड करणाऱ्या बाईचा चेहरा टिपताना मागचा फड, बैलगाडी, मोळ्या सगळे लोण्यासारखे गुळगुळीत करून टाकले तर चेहरा सुंदर येईल, पण ती कुठे उभी होती, कशाने थकली होती, हे पुसले जाईल. १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन आणि त्यांच्या सोबत्यांनी एक मंडळ स्थापन केले आणि त्याला नाव दिले ‘एफ/६४’. मोठ्या कॅमेऱ्यावरच्या अतिशय लहान ॲपर्चरचा हा आकडा. अगदी जवळच्या दगडापासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट दिसावे, हा त्यांचा आग्रह. आपण त्यांचे अनुकरण करावे असे नाही. आपल्या लहान सेन्सरवर ॲपर्चर १६ च्या पुढे गेले की प्रकाशाच्या विवर्तनाने उलट सगळेच चित्र मऊ पडते. पण स्पष्टतेतही भावना असते, हे त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे.

खोल स्पष्टता साधणे वाटते तितके अवघड नाही. कॅमेऱ्याबरोबर बहुधा १८-५५ ची लेन्स येते. ती १८ वर ठेवा, ॲपर्चर ८ करा आणि सव्वादोन मीटरवरच्या एखाद्या वस्तूवर फोकस करा. साधारण एक मीटरपासून थेट अनंतापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येईल. जयसिंगराव तलावाच्या काठी पायाजवळचे गवत, पाणी आणि पलीकडचे झाड एकाच चित्रात हवे असेल तर हीच युक्ती. फोकसच्या या अंतराला हायपरफोकल अंतर म्हणतात. त्याचे सूत्र आणि तक्ते सहाव्या प्रकरणात दिले आहेत. गणिताची आवड नसलेल्या वाचकांनी तक्ते खुशाल ओलांडावेत आणि लागतील तेव्हा उघडावेत.

ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांनी हे पुस्तक बाजूला ठेवू नये. मोबाइलच्या मुख्य लेन्सची खरी फोकल लेंग्थ पाच-सात मिलिमीटरच असते. त्यामुळे अगदी जवळचे काही टिपत नसाल तर जवळजवळ सगळे आपोआप स्पष्ट येते, आणि पोर्ट्रेट मोडमधला धूसरपणा बहुतांशी गणिताने तयार केलेला असतो. केसांच्या कडा आणि चष्म्याची काडी पाहिलीत तर तो कुठे चुकतो ते सापडेल. एक्स्पोजर मात्र मोबाइलवरही हातात घेता येते. चेहऱ्यावर बोट टेकवा, शेजारचे सूर्याचे चिन्ह वरखाली करा. ॲपर्चर बदलण्याचे भाग सोडले तर पहिली चार प्रकरणे मोबाइलवरच पुरी करता येतील.

वाचनाचा क्रम कसा असावा, हेही सांगतो. पहिले प्रकरण वाचून झाले की पुढे जाऊ नका. गावातली एक जागा निवडा, तालमीचे दार, आठवडी बाजाराचा कोपरा, स्वतःचे अंगण, काहीही चालेल. तिथे सकाळी, भर दुपारी आणि दिवस कलताना जा. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा, आयएसओ बदलू नका, आणि प्रत्येक वेळी ॲपर्चर ४, ८ आणि १६ अशी तीन चित्रे घ्या. शटर दर वेळी असे जुळवा की उजेड सारखा राहील. दिवस कलताना ॲपर्चर १६ ला शटर १/१५ च्याही खाली जाईल. तेव्हा कॅमेरा कट्ट्यावर किंवा ट्रायपॉडवर टेकवा आणि समोरून जाणाऱ्या सायकलींना चित्रात मुक्तपणे वाहू द्या. कुस्ती टिपायची असेल तर याच्या उलट, १/५०० पासून सुरुवात करावी लागते. ते पाचव्या प्रकरणात येईल. ही नऊ चित्रे शेजारी शेजारी ठेवून घरातल्या कोणाला तरी दाखवा, त्यांना आकडे सांगू नका, आणि कोणते चित्र त्यांना थांबवते ते विचारा. त्यांच्या उत्तराशी तुमचे उत्तर जुळेल किंवा जुळणार नाही. दोन्ही वेळा कारण शोधा, वहीत लिहा, आणि मग दुसरे प्रकरण उघडा.